आफ्रिकी रुग्णांमधला आतड्याचा कर्करोग आणि प्रतिकारशक्तीचे मार्कर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांत नायजेरिया, केनिया, टांझानियाहून उपचारासाठी आलेले रुग्ण आता नवलाचे राहिलेले नाहीत. मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे माणूस भेटण्याआधी त्याच्या गाठीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतकाचा तुकडा) माझ्या टेबलावर येतो. या रुग्णांच्या रिपोर्टबद्दल पीजी करणारी मुलं, वॉर्डातल्या सिस्टर आणि पूर्व आफ्रिकेत स्थायिक झालेली मराठी मंडळी पुन्हा पुन्हा तेच प्रश्न पाठवतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उपचार मात्र रुग्णाला समोर बसवून तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

१. आतड्याच्या कर्करोगात ‘इम्यून मार्कर’ म्हणजे नेमकं काय तपासतात?

शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना गाठ ‘परकी’ वाटते का आणि वाटत असेल तर त्या तिच्यापर्यंत पोचल्या आहेत का, हे तपासतात. पहिल्या भागासाठी सर्वांत कामाची चाचणी म्हणजे मिसमॅच रिपेअर, लॅबच्या भाषेत ‘एमएमआर’. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. त्या दुरुस्त करणारी प्रथिनं मुद्रितशोधकासारखी काम करतात. मुद्रितशोधक गैरहजर असला की चुका साचत जातात. डीएनएत एकच अक्षर ओळीने अनेकदा येतं अशा जागी तर त्या हमखास होतात, कारण तिथे नक्कल घसरते. या अवस्थेला ‘मायक्रोसॅटेलाइट इन्स्टॅबिलिटी’ किंवा एमएसआय म्हणतात. चुकीच्या मजकुरातून विचित्र प्रथिनं तयार होतात आणि ती बघून टी पेशी (रोगप्रतिकारक पेशींचाच एक प्रकार) जाग्या होतात.

दुसऱ्या भागासाठी गाठीत जमलेल्या टी पेशी मोजतात (प्रश्न १० पाहा). रक्ताच्या साध्या तपासणीतूनही काही अंदाज बांधतात, पण त्यात एक मोठी मेख आहे. ती प्रश्न ११ मध्ये सांगितली आहे.

२. आफ्रिकेत आतड्याचा कर्करोग होतच नाही असं आम्ही शिकलो होतो. मग हा विषय आलाच कुठून?

हे शिकवलं गेलं त्याला कारण होतं. युगांडात अनेक वर्षं काम केलेले आयरिश सर्जन डेनिस बर्किट यांनी १९७१ साली मांडलं की आफ्रिकेच्या खेड्यांतल्या लोकांच्या जेवणात चोथा भरपूर असतो, म्हणून त्यांना हा आजार क्वचित होतो. त्यांचं निरीक्षण त्या काळापुरतं खोटं नव्हतं. २०१५ साली स्टीफन ओकीफ यांच्या गटाने एक सुंदर प्रयोग केला. दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले २० आणि अमेरिकेतले २० आफ्रिकी-अमेरिकी लोक घेऊन दोन आठवड्यांसाठी त्यांच्या जेवणाची अदलाबदल केली. एवढ्या थोड्या दिवसांत आतड्याच्या अस्तरातली सूज आणि पेशींची वाढ, दोन्ही बदलले. चोथा वाढलेल्या गटात ते सुधारले, चरबी आणि मांस वाढलेल्या गटात बिघडले.

पण शहरं वाढली, ताटातलं अन्न बदललं, आयुर्मान वाढलं आणि दुर्बिणीची तपासणी (कोलोनोस्कोपी) काही ठिकाणी पोचली. आज आफ्रिकेत हा आजार वाढतो आहे. अनेक रुग्ण तरुण असतात आणि फार उशिरा येतात. ‘इथे हा होत नाही’ या जुन्या समजुतीचं नुकसान अजून भरून निघालेलं नाही. तरुण माणसाच्या शौचातून रक्त पडलं की मूळव्याध किंवा आमांश समजून महिनोन्‌महिने औषधं दिली जातात. ही गोष्ट आपल्याकडेही अगदी ओळखीची आहे.

३. रिपोर्टमध्ये ‘एमएलएच१ आणि पीएमएस२: लॉस’ असं लिहिलंय. हे चांगलं की वाईट?

आधी ते कसं दिसतं ते सांगते. गाठीचा अगदी पातळ काप काचेवर घेऊन त्यावर चार प्रथिनांसाठी वेगवेगळे अँटिबॉडी लावतात: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. प्रथिन हजर असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं, नसेल तर फिकट निळं राहतं. गाठीच्या पेशी निळ्या आणि त्यांच्या मध्ये-मध्ये बसलेले लिम्फोसाइट (टी पेशी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशी) तपकिरी असं चित्र दिसलं तर तो खरा ‘लॉस’. ते लिम्फोसाइट रुग्णाचे स्वतःचे निरोगी शेजारी असतात. रंग नीट चढला आहे याची साक्ष तेच देतात.

एकदा परदेशातून आलेल्या एका ब्लॉकवर चारही रंग गायब होते. क्षणभर वाटलं, मोठा दुर्मीळ प्रकार हाती लागला. मग लेन्स बदलून पाहिलं तर लिम्फोसाइटही निळे, शिरांचं अस्तरही निळं. ऊतक फॉर्मेलिनमध्ये नीट मुरलंच नव्हतं, त्यामुळे प्रथिनं ओळखण्यापलीकडे गेली होती. दुसरा ब्लॉक मागवला. त्यात काठावरचा भाग चांगला टिकलेला होता, आणि तिथे खरोखर फक्त एमएलएच१ आणि पीएमएस२ गेलेले होते. पहिल्याच स्लाइडवर रिपोर्ट दिला असता तर तो धडधडीत चुकला असता.

आता चांगलं की वाईट. प्रथिन गेलेलं असणं म्हणजे इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच गाठीविरुद्ध उभं करणाऱ्या औषधांचा) दरवाजा उघडा असण्याची शक्यता, म्हणून उपचाराच्या दृष्टीने ही महत्त्वाची आणि बहुतेकदा उपयोगी बातमी आहे. कुटुंबाच्या दृष्टीने मात्र ती पुढच्या तपासाची सुरुवात आहे (प्रश्न ८).

४. हा मार्कर सापडला तर उपचारात खरंच एवढा फरक पडतो?

पडतो. पसरलेल्या एमएसआय आतड्याच्या कर्करोगात पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची केमोशी तुलना करणाऱ्या कीनोट-१७७ या चाचणीत ३०७ रुग्ण होते. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यम काळ केमोच्या गटात ८.२ महिने होता, पेम्ब्रोलिझुमॅबच्या गटात १६.५. त्यावरून २०२० साली अमेरिकेत हे औषध केमोच्या आधी, पहिलाच उपचार म्हणून वापरायला मान्यता मिळाली. २०२२ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून गुदाशयाच्या अशाच गाठींचा अहवाल आला. पहिल्या १२ रुग्णांना फक्त डोस्टार्लिमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली. शस्त्रक्रिया नाही, रेडिएशन नाही.

तिसरा फायदा कमी बोलला जातो. दुसऱ्या टप्प्यातली (स्टेज २) गाठ काढून झाली आणि ती एमएसआय निघाली, तर फाइव्ह-एफयू या एकट्या औषधाच्या केमोचा उपयोग होत नाही. म्हणजे मार्कर पाहिला तर काही रुग्ण विनाकारण केमो घेण्यापासून वाचतात. जिथे केमोच्या प्रत्येक सायकलसाठी घरची गाय नाहीतर जमिनीचा तुकडा विकावा लागतो, तिथे ही बचत इम्युनोथेरपीइतकीच मोलाची आहे.

५. आफ्रिकी रुग्णांमध्ये एमएसआय जास्त असतो की कमी? प्रत्येक पेपर वेगळं सांगतो.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. त्यातला ‘आफ्रिकी’ हा शब्द सुटा केल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.

नायजेरियात इले-इफे इथल्या ओबाफेमी आवोलोवो विद्यापीठाच्या रुग्णालयाभोवती ‘आफ्रिकन रिसर्च ग्रुप फॉर ऑन्कॉलॉजी’ उभा राहिला. तिथले सर्जन ओलुसेगुन अलातिसे आणि न्यूयॉर्कचे पीटर किंगहॅम यांच्या गटाने २०२१ मध्ये निवड न करता घेतलेल्या नायजेरियन रुग्णांच्या गाठींचं जनुकीय वाचन प्रसिद्ध केलं. एमएसआय २८.१ टक्के निघाला. त्याच लेखात तुलनेला घेतलेल्या अमेरिकी ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास’मध्ये तो १४.२ टक्के होता, स्लोन केटरिंगच्या रुग्णांत ८.५ टक्के. घानातल्या २०१३ च्या एका छोट्या अभ्यासात तर सुमारे ४१ टक्के आला होता. दुसरीकडे, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या रुग्णांवर जॉन करेदर्स यांच्या गटाने २०१४ मध्ये दिलेले आकडे उलट दिशेचे आहेत: आफ्रिकी-अमेरिकी रुग्णांत ७ टक्के, गोऱ्यांत १४ टक्के.

यात कुणी खोटं बोलत नाही. पश्चिम आफ्रिकेतला तरुण रुग्ण आणि अमेरिकेतला साठीचा आफ्रिकी-अमेरिकी रुग्ण यांचे पूर्वज काही अंशी एक असतील, पण अन्न, जंतू, वय, निदानाची वेळ आणि आतड्यातले बॅक्टेरिया वेगळे आहेत. शिवाय जगातलं सर्वाधिक जनुकीय वैविध्य आफ्रिकेतच आहे. इथिओपियाचा माणूस आणि नायजेरियाचा माणूस यांना एका रकान्यात टाकणं म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी सगळ्यांना ‘आशियाई’ म्हणून मोकळं होणं.

नायजेरियाच्या त्या लेखात एमएसआय नसलेल्या गाठींबद्दलही एक लक्षवेधी गोष्ट आहे. जगभरच्या पुस्तकांत आतड्याचा कर्करोग एपीसी जनुकापासून सुरू होतो असं शिकवतात. या गाठींत एपीसी फक्त ३९.१ टक्क्यांत बिघडलेलं होतं, स्लोन केटरिंगच्या गाठींत ७६ टक्क्यांत. आरएएस मार्गातले (पेशीला वाढण्याचा इशारा देणाऱ्या साखळीतले) बिघाड मात्र नायजेरियात जास्त, ७६.१ विरुद्ध ५९.६ टक्के. म्हणजे आजाराची वाटच काही प्रमाणात वेगळी असावी.

६. पीसीआरने एमएसआय तपासताना आफ्रिकी रुग्णांत चुकीचा ‘पॉझिटिव्ह’ येतो हे खरं का?

पीसीआर म्हणजे डीएनएतल्या ठरावीक जागेच्या असंख्य प्रती काढून ती तपासणं; एमएसआयसाठी त्या जागेची लांबी मोजतात. त्यात चुकीचा ‘पॉझिटिव्ह’ एका विशिष्ट परिस्थितीत येऊ शकतो. प्रत्येक पीजी विद्यार्थ्याने हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

१९९७ साली अमेरिकेत बेथेस्डा इथे एमएसआय तपासायला डीएनएतल्या पाच जागांचा संच ठरला. त्यात बॅट-२५ आणि बॅट-२६ या दोन जागा आहेत. बॅट-२६ मध्ये एकच अक्षर साधारण २६ वेळा सलग येतं. युरोपीय वंशाच्या जवळजवळ सर्वांत ही लांबी सारखीच असते. म्हणून पद्धत अशी पडली की गाठीतली लांबी कमी दिसली की ‘अस्थिर’ म्हणायचं, निरोगी ऊतक तपासण्याची गरज नाही. १९९९ मध्ये आफ्रिकी वंशाच्या निरोगी लोकांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत या जागांची लांबी जन्मतःच वेगळी असते. अशा माणसाच्या गाठीत ‘कमी लांबी’ दिसली तर तो बिघाड नसतो, तो त्याचा वारसा असतो.

उपाय साधा आहे: गाठीसोबत त्याच रुग्णाचं निरोगी ऊतक किंवा रक्त तपासायचं आणि दोघांची तुलना करायची. गाठीच्या कडेचा निरोगी आतड्याचा तुकडा बहुतेक ब्लॉकमध्ये असतोच. आतड्याच्या गाठीत एमएमआरची रंगचाचणी (प्रश्न ३) इथे उजवी ठरते, कारण तिची तुलना त्याच काचेवरच्या लिम्फोसाइटशी होते. इडिलासारख्या कार्ट्रिज यंत्रात सात वेगळ्या जागा वापरतात आणि अडीच तासांच्या आत उत्तर मिळतं, त्यामुळे छोट्या लॅबना ते सोयीचं आहे.

७. ‘टीएमबी हाय’ असा रिपोर्ट आलाय. त्यावर इम्युनोथेरपी सुरू करावी का?

आधी विचारा की जनुकवाचन फक्त गाठीचं झालं की रक्तासोबत. टीएमबी म्हणजे गाठीत नव्याने झालेल्या बदलांची मोजणी. फक्त गाठ वाचली तर नवा बदल कुठला आणि जन्मतःच असलेला कुठला हे सार्वजनिक माहितीकोशावरून ठरवतात. त्या कोशांत आफ्रिकी माणसं फार थोडी आहेत. कोशात न सापडलेला वारशाचा बदल ‘नवा’ म्हणून मोजला जातो आणि आकडा फुगतो. आशियाई रुग्णांतही हेच दिसलं आहे, म्हणजे आपल्या घरच्या रुग्णांनाही हे लागू आहे. अमेरिकेत दर मेगाबेसला (डीएनएच्या दहा लाख अक्षरांमागे) १० बदल ही मर्यादा २०२० मध्ये मान्य झाली. तिच्या जरा वर असलेला, फक्त गाठीवरून काढलेला आकडा आला तर घाई करू नये. एमएमआरचा निकाल समोर ठेवावा. तो नॉर्मल असेल तर पोलई जनुक पाहावं (प्रश्न १५).

८. रुग्ण ३४ वर्षांचा, एमएलएच१ गेलेलं. म्हणजे लिंच सिंड्रोम नक्की?

नक्की नाही, पण संशय दाट. एमएलएच१ दोन कारणांनी जातं. एक म्हणजे जन्मतःच आलेला, कुटुंबात चालत येणारा बिघाड, तोच लिंच. दुसरं म्हणजे वयोमानाने जनुकाच्या सुरुवातीला मिथाइलचं कुलूप बसणं. तो वारसा नसतो. युरोपात आणि अमेरिकेत हे वेगळं करायला बीआरएएफ जनुकाचा व्ही६००ई बदल बघतात. तो सापडला की लिंच जवळपास बाद होतो.

खरी अडचण बीआरएएफ सापडत नाही तेव्हा येते. आफ्रिकी रुग्णांच्या गाठींत हा बदल मुळातच कमी दिसला आहे. तेव्हा ‘बीआरएएफ नाही, म्हणून लिंच’ हा तर्क तिथे लंगडा पडतो. मिथाइलचं कुलूप बीआरएएफशिवायही असू शकतं. म्हणून एमएलएच१ ची मिथायलेशन चाचणी आणि रक्तातून जनुकतपासणी, दोन्ही शक्य असतील तिथे कराव्यात. जनुकतपासणीत ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आफ्रिकी रुग्णांना जास्त वेळा मिळतो. कारण तेच: तुलनेला लागणारे कोश अपुरे. त्या शेऱ्यावर कुणाचं आतडं काढायचा निर्णय घेऊ नये.

९. आफ्रिकेत लिंचच्या कुटुंबांवर कुणी पद्धतशीर काम केलं आहे का?

केलं आहे, आणि ते जगाने शिकावं असं आहे. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप भागात आणि पश्चिम किनाऱ्यावर मिश्र वंशाच्या अनेक कुटुंबांत एमएलएच१ मधला एकच बदल पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. केप टाउन विद्यापीठातले राज रामेसर आणि सर्जन पॉल गोल्डबर्ग यांच्या गटाने या कुटुंबांचे वंशवृक्ष जुळवले. बदल एकच असल्याने तपासणी स्वस्त पडते: अख्खं जनुक वाचायची गरज नाही, एक जागा पाहिली की झालं. मग डॉक्टर स्वतः दुर्बिणी घेऊन शेकडो किलोमीटरवरच्या लहान गावांच्या रुग्णालयांत जाऊ लागले, कारण रुग्णांना केप टाउनला येणं परवडत नव्हतं.

२००९ मध्ये त्यांनी असा बदल असलेल्या १७८ जणांचा हिशेब मांडला. नियमित कोलोनोस्कोपी करून घेणाऱ्यांपैकी ११ टक्क्यांना कर्करोग झाला, न करणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. आजाराने दगावणारे २ टक्के विरुद्ध १२ टक्के.

१०. इम्युनोस्कोअर काय असतो? आफ्रिकी रुग्णांना तो लावता येतो का?

फ्रान्सचे जेरोम गॅलॉन यांच्या गटाने २००६ साली दाखवलं की गाठीच्या मध्यभागी आणि तिच्या पुढे सरकणाऱ्या कडेला किती टी पेशी आहेत, यावरून रुग्णाचं पुढे काय होईल याचा चांगला अंदाज येतो. सीडी३ आणि सीडी८ या टी पेशींवरच्या दोन खुणा रंगवून अशा पेशी दोन्ही जागी संगणकाने मोजून गुण देतात. २०१८ मध्ये १३ देशांतल्या १४ केंद्रांनी २,६८१ रुग्णांवर ते पडताळलं. त्यात अहमदाबादची गुजरात कॅन्सर संस्थाही होती.

कल्पना आफ्रिकी रुग्णांनाही लागू आहे. टी पेशी सगळ्यांच्या सारख्याच लढतात. अडचण मर्यादेच्या आकड्याची आहे. ‘जास्त’ आणि ‘कमी’ यांच्यातली रेघ कुठल्या रुग्णांवरून काढली, हे विचारायला हवं. ज्या शरीराने लहानपणापासून मलेरिया, जंत, क्षय पाहिले आहेत त्याच्या आतड्यातल्या टी पेशींची पायाभूत संख्याच निराळी असू शकते. म्हणून माझ्या मते स्थानिक रुग्णांवर रेघ पुन्हा काढल्याशिवाय नुसत्या गुणावर केमो द्यायचा किंवा नाकारायचा नाही.

संगणक नसेल तरी हाताशी काही आहेच. नेहमीच्या गुलाबी-निळ्या स्लाइडवर गाठीच्या पेशींमध्ये घुसलेले लिम्फोसाइट आणि कडेला लिम्फोसाइटचे गोल पुंजके दिसले, की एमएसआयची शंका घ्यावी. याला फक्त नजर आणि वेळ लागतो.

११. सीबीसीवरून न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर काढून भविष्य सांगतात. फुकटात होतं, मग वापरू नये का?

जपून. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन्ही रक्तातल्या पांढऱ्या पेशी; पहिल्या दुसऱ्यांच्या मानाने जास्त असतील तर धोका जास्त मानतात. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुसंख्य लोकांच्या लाल पेशींवर डफी नावाचं प्रथिन नसतं. व्हायव्हॅक्स मलेरियापासून संरक्षण देणारा हा जुना वारसा आहे. अशा लोकांच्या रक्तात न्यूट्रोफिलची संख्या जन्मतःच कमी असते. ती दर मायक्रोलिटरला १,५०० च्या खालीही असू शकते, आणि माणूस ठणठणीत असतो. युरोपीय रुग्णांवरून ठरवलेली गुणोत्तराची मर्यादा इथे लावली तर गंभीर रुग्ण ‘सुरक्षित’ गटात जाऊन बसतो.

याच कारणाने केमोही अडते. ‘काउंट कमी आहे’ म्हणून सायकल पुढे ढकलली जाते किंवा डोस घटवला जातो, आणि तो काउंट त्या माणसाचा नेहमीचाच असतो. जुने रिपोर्ट मागवा. तेच त्याचं खरं माप.

१२. रुग्णाला एचआयव्ही आहे. मग इम्यून मार्करला काही अर्थ उरतो का?

उरतो. एमएमआर हा गाठीचा गुण आहे, तो एचआयव्हीने बदलत नाही. चाचणी टाळण्याचं काहीच कारण नाही. टी पेशींची मोजणी मात्र वेगळ्या नजरेने वाचावी लागते.

पूर्वी एचआयव्ही असलेल्यांना इम्युनोथेरपीच्या चाचण्यांत घेतच नसत. २०१९ मध्ये वेगवेगळे कर्करोग असलेल्या अशा ३० जणांना पेम्ब्रोलिझुमॅब दिल्याचा अहवाल आला. ते सगळे एआरटीवर (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधांवर) होते आणि त्यांचे सीडी४ (एचआयव्हीत घटणाऱ्या टी पेशी) किमान १०० होते. औषधाचा त्रास इतर रुग्णांसारखाच दिसला. तेव्हा एआरटी नीट चालू असेल तर एचआयव्ही हे एकटं कारण म्हणून औषध नाकारू नये. क्षय आणि हिपॅटायटिस बी आधी तपासावेत.

१३. पीडी-एल१ आणि सीईए पण करून घ्यायचे का?

पीडी-एल१ हे टी पेशींना ब्रेक लावणारं प्रथिन; ते तपासणं फुफ्फुसाच्या कर्करोगात कामाचं आहे. आतड्याच्या कर्करोगात औषध निवडायला त्याचा उपयोग होत नाही, त्यावर पैसे घालवू नका. सीईए हे रक्तात मोजतात ते प्रथिन, पण तो इम्यून मार्कर नाही. उपचारानंतर आजार परततोय का ते पाहायला वापरतात.

१४. बिलहार्झियामुळे हा कर्करोग होतो का?

बिलहार्झिया हा शिस्टोसोमा नावाच्या जंतांमुळे होतो. मूत्राशयाच्या कर्करोगाशी शिस्टोसोमा हिमॅटोबियमचं नातं पक्कं आहे. आतड्यात राहणाऱ्या शिस्टोसोमा मॅनसोनीबद्दलचा पुरावा तेवढा भक्कम नाही. नाईलच्या काठचा इजिप्त बिलहार्झियाचा जुना भाग, आणि तिथे आतड्याच्या कर्करोगाचे तरुण रुग्णही बरेच. पण दोन्ही एका ठिकाणी आहेत म्हणून एकामुळे दुसरं होतं असं म्हणता येत नाही. पॅथॉलॉजिस्टसाठी सूचना एवढीच: अंडी असलेल्या ऊतकात मुळातच दाह असतो, तिथल्या टी पेशी गाठीविरुद्ध जमलेल्या समजू नका.

१५. एमएमआर नॉर्मल आहे, तरी इम्युनोथेरपीचा विचार होऊ शकतो, असे अपवाद कोणते?

मुख्य अपवाद पोलई जनुकाचा. नक्कल करणाऱ्या यंत्रातच बिघाड असला की बदलांचा पूर येतो, पण एमएमआरची चारही प्रथिनं हजर असतात आणि एमएसआयही नसतो. असे रुग्ण शंभरात एक-दोन, बहुधा तरुण.

दुसरा अपवाद: प्रथिन हजर आहे पण निकामी आहे. जनुकात एका अक्षराचा बदल झाला तर प्रथिन बनतं, रंगही घेतं, काम मात्र करत नाही. कुटुंबात दाट इतिहास असेल आणि रंग नॉर्मल असेल तर पीसीआर करावी, प्रश्न ६ मधली काळजी घेऊन.

याची उलटी बाजूही आहे. गुदाशयाच्या गाठीला आधी केमो-रेडिएशन दिलेलं असेल तर उरलेल्या गाठीत एमएसएच६ खोटं खोटं गेल्यासारखं दिसतं. म्हणून उपचारापूर्वीची बायोप्सी तपासा. दुर्बिणीतून घेतलेला छोटा तुकडाही यासाठी पुरतो.

१६. तिथे पैसेच नाहीत. चाचणी करून औषध मिळणार नसेल तर काय उपयोग?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात नेहमी थकवा असतो, आणि तो मला कळतो. आफ्रिकेतल्या अनेक देशांत दहा लाख लोकांमागे एक पॅथॉलॉजिस्टही नाही.

चाचणी स्वस्त करता येते. चार प्रथिनं जोडीने राहतात: एमएलएच१ सोबत पीएमएस२, एमएसएच२ सोबत एमएसएच६. मोठा जोडीदार गेला की धाकटाही टिकत नाही. म्हणून आधी फक्त पीएमएस२ आणि एमएसएच६ हे दोनच रंग करायचे. दोन्ही हजर असतील तर तिथेच थांबा, एखादा गेला तर त्याचा जोडीदार तपासा. खर्च जवळपास निम्मा होतो.

औषध नसलं तरी चाचणीचे दोन उपयोग उरतात: अनावश्यक केमो टळणं (प्रश्न ४) आणि भावंडांची वेळेवर तपासणी (प्रश्न ९). औषधाच्या बाजूनेही थोडी हालचाल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगासाठी पेम्ब्रोलिझुमॅबची भर घातली.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोकं-मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, केमोसोबत देऊन पाहिलं गेलं. एका वर्षानंतर हयात असलेले रुग्ण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हा पुरावा त्या कर्करोगापुरता आहे, आतड्याच्या गाठीला तो आपोआप लागू होत नाही. पण आफ्रिकेतल्या केंद्रांनी एमएसआय रुग्णांत अशी चाचणी करावी, आणि आपण त्यांच्यासोबत करावी, असं मला फार वाटतं.

१७. इम्युनोथेरपी सुरू झाली आणि जुलाब लागले. स्टिरॉइड द्यायचं ना?

औषधामुळे आतड्याला सूज येऊ शकते आणि तिच्यावर स्टिरॉइडच देतात. पण उष्ण प्रदेशातून आलेल्या माणसाच्या पोटात स्ट्राँगिलॉइडिस हा जंत वर्षानुवर्षं गुपचूप असू शकतो. स्टिरॉइड मिळालं की तो अंगभर पसरतो आणि जीव घेतो. तेव्हा इम्युनोथेरपीच्या आधीच रक्तातली अँटिबॉडी किंवा शौचाची तपासणी करून, गरज असेल तर आयव्हरमेक्टिन देऊन ठेवावं. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या शेतात अनवाणी राबलेल्या रुग्णालाही हे लागू आहे.

१८. नैरोबीहून भाऊ उपचारासाठी पुण्याला येतोय. लॅबसाठी काय घेऊन यायला सांगू?

पॅराफिन ब्लॉक, त्याचा मूळ रिपोर्ट आणि रंगवलेल्या स्लाइड. शक्य असेल तर दोन ब्लॉक: एक गाठीचा, एक कडेच्या निरोगी आतड्याचा. ब्लॉक हातातल्या बॅगेत ठेवावा, उन्हात तापलेल्या गाडीत सोडू नये, मेण मऊ पडतं. फॉर्मेलिनची बाटली विमानात आणू नये. ऊतक फॉर्मेलिनमध्ये किती तास होतं हे तिथल्या लॅबकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावं. ६ ते ७२ तास असेल तर माझं अर्धं काम सोपं होतं. आणि आजारी पडण्याआधीचा एखादा जुना सीबीसी घरात सापडला तर तोही फाइलला लावून द्या.